काकूंच्या चालीने

दाजीकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते पाण्यात होते, काकू जमिनीवर होत्या आणि दोघांचं भांडण चाललं होतं. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या पार्कात एक मोठं तळं आहे आणि त्याच्या कडेने चालायचा रस्ता आहे. संध्याकाळी अर्धा भारत तिथे पांढरे बूट घालून फिरत असतो. त्या गर्दीत साडीवर राखाडी स्वेटर घातलेल्या, साठी ओलांडलेल्या एक बाई एका लयीत चालल्या होत्या. काठापासून थोड्या अंतरावर, लांबट पिवळ्या कयाकमध्ये बसून एक टक्कल पडलेले गृहस्थ त्यांच्या बरोबरीने वल्हवत होते. त्या जरा पुढे गेल्या की हे ओरडायचे, "अगो, सावकाश चल. माझो गळ वर येता." त्यावर बाई मान न वळवता म्हणाल्या, "येऊ दे. हंय काय लागतलां तुमका? बदक?"

लग्न होऊन मला तिथे येऊन जेमतेम तीन महिने झाले होते. साल २००३. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकांना नोकरीची परवानगी नसायची. नाशकात मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होते, आणि इथे दिवसभर टाउनहाउसच्या खिडकीतून समोरच्याचं गॅरेज बघत होते. अशा माणसाच्या कानावर मराठी भांडण पडलं तर काय होईल? मी सरळ त्यांच्या मागे चालू लागले. काकूंनी वळून बघितलं आणि विचारलं, "मराठी काय गो?" मी हो म्हटल्यावर त्यांनी तळ्याकडे बोट केलं. "हे आमचे मिस्टर. वेडे नाहीत, फक्त रिटायर झालेत."

परुळेकर त्यांचं आडनाव. वेंगुर्ल्याकडचे. पण सगळे त्यांना दाजीकाकाच म्हणायचे. १९७०च्या आसपास इंजिनिअर म्हणून अमेरिकेत आले आणि सांता क्लाराच्या एका कंपनीत आयुष्य काढून निवृत्त झाले. एकुलती एक मुलगी वर्षा, डॉक्टर, मिशिगनमधल्या ट्रॉयला. त्यांचं घर आमच्यापासून तीन दारं सोडून होतं, हे मला त्याच संध्याकाळी कळलं. गॅरेजमध्ये कयाक असल्यामुळे त्यांची गाडी बारा महिने रस्त्यावर, आणि त्यावरून घरमालकांच्या असोसिएशनची तक्रारीची दोन पत्रं येऊन गेलेली. काका म्हणाले, "गाडी भिजली तर चालते. होडी उन्हात ठेवत नाहीत."

तळ्यात चाललेलं ते काय होतं, ते काकांनी मला शेवयांची खीर खाता खाता समजावलं. त्यांना सामन नावाचा मोठा मासा पकडायचा होता, समुद्रात, आणि तोही कयाकमधून. पद्धत अशी की होडीमागे लांब दोरी सोडायची. दोरीला शिशाचं वजन, मग एक चमकणारी पट्टी, आणि शेवटी गळाला आपल्या मांदेलीच्या जातीतला एक छोटा मासा. मग थांबायचं नाही, वल्हवत राहायचं. होडी चालते तशी मागे पट्टी लकाकते, मांदेली गिरक्या घेते आणि सामनला वाटतं, जिवंत काहीतरी पळतंय. इंजिनाच्या बोटीला वेग धरून ठेवता येतो. कयाकला इंजिन म्हणजे आपले दोन हात. फार जोरात वल्हवलं तर गळ वर येतो, फार हळू गेलं तर तळाला जाऊन अडकतो.

"मग बरोबर वेग कोणता?" मी विचारलं.

"हिची चाल," ते म्हणाले. "मी मोजून बघितलीय. हिच्या चालीने वल्हवलं की गळ सामनच्या नाकासमोरून जातो. म्हणून प्रॅक्टिस हिच्याबरोबर."

काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी यांच्या मागून चालले. आता कुठे बरोबरीने येतायत, ते पण पाण्यातून."

हसण्यावारी नेलं तरी त्यामागे एक गोष्ट होती, आणि ती मला काकूंनीच हळूहळू सांगितली. त्यांचं माहेर खाडीच्या काठावर. घरात रोज सकाळी दारात टोपली यायची, आणि टोपलीतला मासा हलत नसेल तर त्यांचे वडील ती परत पाठवायचे. जावई मुलीला घेऊन अमेरिकेला निघाला तेव्हा वडिलांनी बाकी काही विचारलं नाही. पगार नाही, घर नाही. एवढंच विचारलं, "तिकडे आमच्या मुलीला मासा कोण देणार?" आणि तिशीतल्या दाजींनी छाती पुढे काढून सांगितलं, "मी देईन. माझ्या हातांनी."

मग इथे आल्यावर काय? नोकरी, कर्ज, मुलगी, ओव्हरटाइम. काकूंनी बर्फावर मांडलेले मासे बघितले आणि नाक मुरडलं. बाकीचं कसंबसं चालवून घेतलं, पण सामनचं गुलाबी मांस बघून त्या म्हणाल्या होत्या, "हा ताजा असताना कसा लागत असेल हो?" तेवढंच एक वाक्य. परत कधी त्यांनी विषय काढला नाही आणि बाजारातला सामन कधी घरात आणला नाही. दाजीकाका मला म्हणायचे, "अश्विनी, या बाईने माझ्याकडे कधी दागिना मागितला नाही, कधी ट्रिप मागितली नाही. एक मासा मागितला, तोपण अर्धवट." निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी ते जाऊन कयाक घेऊन आले होते.

काकूंची एकच अट होती, समुद्रावर एकटं जायचं नाही. किनाऱ्यावर कुणीतरी हवं, हातात वॉकीटॉकी घेऊन. फ्रीमाँटमध्ये कामाच्या दिवशी मोकळं माणूस मिळणार कुठून? मीच ती मोकळी. मला गाडी येत नव्हती, तर काकांनी शिकवली, डोक्यावर कयाक बांधलेली गाडी. माझा पहिला फ्रीवे मी टपावर पंधरा फुटांचा पिवळा मासा घेऊन पार केला. मला घाम फुटलेला, आणि काका शेजारी बसून शांतपणे सांगतायत, "उजवीकडेच राहा. डावी लेन ज्यांना घाई आहे त्यांची. आपल्याला मासा पकडायचाय, आपल्याला घाई असून चालत नाही."

मी शाकाहारी. नुसती शाकाहारी नाही, माशाच्या वासाने तोंड फिरवणारी. आईला फोनवर सांगितलं की मी शेजारच्या काकांबरोबर मासेमारीला जाते, तर तिने आधी "मासे?" असं दोनदा विचारलं. मग म्हणाली, "स्वेटर घालत जा." पण मला हाफ मून बेचं ते बंदर आवडायला लागलं. पहाटेचं धुकं, दगडी बांध, बोटींच्या दोऱ्यांचा करकर आवाज. काका केशरी जॅकेट घालून, कयाकच्या नाकाला कुंकवाचं बोट लावून पाण्यात शिरायचे. मी बांधावर थर्मास घेऊन बसायचे. दर थोड्या वेळाने वॉकीटॉकी खरखरायची आणि बंदराबाहेर खुणेसाठी तरंगत ठेवलेल्या बोयाजवळून आवाज यायचा, "ऑल ओके. काही नाही. चहा संपवू नकोस."

त्यांचे नियम म्हणजे विचारू नका. निघताना "कुठे चाललात" म्हणायचं नाही. गळाला लागलं असं वाटलं तरी बोलायचं नाही. "होडीत येईपर्यंत मासा समुद्राचा," हे तर त्यांच्या तोंडात कायम. एकदा मी उत्साहाने घरून मोठी पिशवी घेऊन गेले, मासा ठेवायला. त्यांनी ती गाडीतच ठेवायला लावली. "पिशवी बघितली की मासा परत जातो." मी म्हटलं, "काका, तुम्ही इंजिनिअर ना?" ते म्हणाले, "जमिनीवर."

कॅलिफोर्नियाचे नियम वेगळेच. गळाला उलटा काटा असता कामा नये, त्यामुळे दोरी जरा सैल पडली की मासा सुटलाच. आणि सामनही सगळे चालत नाहीत. किंग जातीचा ठेवता येतो. सिल्व्हर म्हणतात त्या जातीचे कमी राहिलेत, तो लागला तर सोडून द्यायचा. दोघं दिसायला सख्खे भाऊ. ओळखायचं कसं, तर तोंड उघडून. किंगच्या हिरड्या काळ्या असतात आणि सिल्व्हरच्या पांढऱ्या. काकांनी हे घरी इतक्या वेळा सांगितलं होतं की काकूंना, मला आणि माझ्या नवऱ्याला म्हणजे प्रशांतला, सगळ्यांना पाठ झालं होतं. काकू मासा घेताना आधी कल्ले बघायच्या. आता म्हणायच्या, "तुमचा येऊ दे, मी हिरड्यापण बघीन."

आणि पंचांगाचे नियम तर सगळ्यांच्या वर. सोमवारी काकूंच्या घरी मासा नाही, गुरुवारी नाही, शनिवार मारुतीचा. संकष्टी, एकादशी वेगळ्याच. बाकीचे लोक शनिवारची वाट बघत कयाक घेऊन यायचे, आणि काका त्या दिवशी घरी बसून खिडकीतून आकाश बघायचे. सगळ्यात मोठी पंचाईत श्रावणाची. इथे ऐन उन्हाळ्यात सामन किनाऱ्याजवळ येतो, आणि तेव्हाच नेमका आपला श्रावण. श्रावणात काका गळ काढून ठेवायचे आणि नुसत्या शिशावर तळ्यात वल्हवायचे. काकू काठाने चालायच्या. मला वाटतं, त्यांना श्रावणच जास्त आवडायचा.

तीन-चार मोसम असे गेले. लाल रंगाचे खडकातले मासे आणले, एकदा एक चपटा मोठा मासा आणला, खेकडे तर विचारूच नका. काकूंनी सगळं रांधलं, सगळ्यांना वाढलं, आणि दर वेळी म्हणाल्या, "बरा आहे." काकांना तो शब्द झोंबायचा. बंदरात सामनच्या बोटी येऊन लागायच्या, धक्क्यावरच ताजा मासा विकायच्या. एकदा मी म्हटलं, "काका, हा तर सकाळचा पकडलेला आहे. घ्या की एक." ते माझ्याकडे बघून म्हणाले, "आणि सासऱ्यांना काय सांगू? क्रेडिट कार्डाने दिला?" सासरे जाऊन वीस वर्षं झाली होती.

२००७च्या उन्हाळ्यात काकूंचे गुडघे गेले. आधीच दुखत होते, पण त्या वर्षी तळ्याची फेरी अर्धी झाली, मग पाव. बाकावर बसत बसत जायच्या. काका तळ्यात त्यांच्याबरोबर वल्हवायचे, म्हणजे खरं तर वल्हं पाण्यात बुडवून ठेवायचे. मी एकदा बोलून गेले, "काका, या स्पीडने गळ तळाला नाही का जाणार?" ते म्हणाले, "जाऊ दे. मोठा किंग तळालाच असतो." त्यांचा स्वतःचाही श्वास तेव्हा जरा वर लागायला लागला होता, पण ते कुणी बोलत नव्हतं.

वर्षाताईंनी फोनवर निर्णय सांगून टाकला. ऑपरेशन ट्रॉयला करायचं, घर विकायचं आणि ऑक्टोबर संपताना तिकडे यायचं. "बाबा, आता बास. तिकडे पण मोठमोठी तळी आहेत, सामन पण आहे, विचारलंय मी." काकांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "गोड्या पाण्यातला सामन. ज्याच्या अंगाला मीठ माहीत नाही तो कसला मासा? आणि मला त्या बर्फात कोण पाण्यात जाऊ देणार आहे." मग खुर्चीत बसून त्यांनी पंचांग काढलं. त्या वर्षी अधिक महिना आलेला, त्यामुळे सगळं पुढे गेलेलं. श्रावण संपतोय तोच गणपती. मग पितृपक्ष. मग नवरात्र. काका पानं उलटत होते आणि काकू म्हणत होत्या, "माझ्याकडे बघू नका. मी नाही बसवलं ते."

दसरा झाला आणि हातात उरला एक बुधवार. गुरुवारी मासा नाही, आणि शुक्रवारी सामान न्यायला ट्रक येणार होता. मोसमही संपत आलेला, बहुतेक मासे नद्यांमध्ये चढून गेलेले. प्रशांतने त्या दिवशी ऑफिसला दांडी मारली. "काकांची लास्ट ट्रिप आहे यार, मीटिंग काय रोजच असते." पहाटे निघताना काकू दारात उभ्या होत्या, हाताने चौकट धरून. नुसती मान हलवली.

समुद्र त्या दिवशी सपाट होता. काका बोयाच्या पलीकडे गेले आणि दुर्बिणीतून मला केशरी ठिपका तेवढा दिसत राहिला. पहिला तास, दुसरा तास. "ऑल ओके, काही नाही." ठिपका नेहमीपेक्षा भराभर हलतोय, असं प्रशांत म्हणाला. मी म्हटलं, प्रवाह असेल. ऊन वर आलं. बारा वाजता वारा सुटतो, त्याआधी परत फिरायचं ठरलेलं होतं. आणि साडेदहाच्या सुमाराला वॉकीटॉकीतून जो आवाज आला तो मी आधी कधी ऐकला नव्हता.

"लागलो! अश्विनी, लागलो! सामन आसा! उडी मारली त्याने, बघितली मी, चांदीसारखो!" मग धापा, मग दोरीचा आवाज, मग परत काका. "हिला फोन कर. नारळ फोड म्हणावं. सगळ्यांना बोलाव म्हणावं."

स्वतःचा नियम त्यांनी स्वतःच मोडला, आणि त्या क्षणी आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात तो नियम नव्हता. मी फोन केला. काकूंनी ते माझ्याकडून परत एकदा वदवून घेतलं. मग म्हणाल्या, "खरंच?" आणि त्यानंतर मागे डब्यांचा आवाज, दारांचा आवाज, आणि फोन बंद करायचंही त्या विसरल्या. मी फोनमधून मिक्सर ऐकत बांधावर उभी होते आणि मला रडू येत होतं. प्रशांत उड्या मारत होता.

खूप वेळाने वॉकीटॉकी परत बोलली. आवाज अगदी साधा होता.

"जाळ्यात घेतलाय. पाण्यातच ठेवलाय. हिरड्या पांढऱ्या आहेत."

मी म्हटलं, "नीट बघा काका. उन्हाने दिसत असतील."

"दोनदा बघितलं. पांढऱ्या आहेत."

प्रशांतने माझ्या हातातून वॉकीटॉकी घेतली. "काका, ऐका. तिथे कुणी नाहीये. चेक करायला कुणी येत नाही. परवा तुम्ही चाललात. ठेवा. काकूंनी नारळ फोडलाय, काका."

 काका म्हणाले, "अरे, तिला काय सांगू? आमच्याकडे मासा कापायच्या आधी त्याचं तोंड बघतात. पस्तीस-अडतीस वर्षांनी एक मासा देणार, आणि तिने तोंड उघडल्यावर मी कुठे बघू?" मग जाळं हलवल्याचा आवाज. "जिवंत आहे अजून. सोडतो."

किनाऱ्याला लागले तेव्हा आम्ही दोघांनी त्यांना धरून बाहेर काढलं. ते वाळूवर बसले. पांढरेफटक पडले होते. मी चहा दिला. अर्धा कप झाल्यावर म्हणाले, "चूक माझीच. सिल्व्हर वरच्या पाण्यात असतो आणि जोरात पळणाऱ्या गळाला लागतो. मी आज हिच्या चालीने नाही वल्हवलं. शेवटचा दिवस म्हणून घाई केली." एवढं बोलून त्यांनी कप वाळूत ठेवला आणि तोंड फिरवून बसले. प्रशांत कयाक गाडीवर बांधायला गेला, तोपण डोळे पुसत.

काकूंना फोन कुणी करायचा? मला जमलं नाही. प्रशांतला जमलं नाही. काका म्हणाले, "समोर सांगतो." सॅन मटेओचा लांब पूल आम्ही उजव्या लेननेच पार केला.

घरी पोचलो तर दारात चपलांचा ढीग. आमच्या गल्लीतली चार-पाच मराठी घरं जमली होती, निरोपाचं जेवण आणि सामन, दोन्ही एकदम. खोबऱ्याचा, धण्याचा, तिरफळांचा वास थेट रस्त्यापर्यंत. काकू ओट्याशी स्टुलावर बसल्या होत्या. काकांना बघून त्या भिंतीला धरून उठल्या, त्यांच्या रिकाम्या हातांकडे बघितलं, मग आमच्या हातांकडे.

काका म्हणाले, "सोडला गो."

"पांढऱ्या होत्या?"

"होय."

"नीट बघितल्यात?"

"दोनदा."

 कुणाचा तरी लहान मुलगा म्हणाला, "So no fish?" आणि त्याच्या आईने त्याला मागे ओढलं. काकूंनी पदर खोचला. "मग उभे काय राहिलात? कपडे बदला, थंडी बाधेल." मग माझ्याकडे वळून, "अश्विनी, फ्रीजरमधून शेवग्याच्या शेंगा काढ. बटाटे सोल. वाटण काय वाया घालवायचं?"

त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी माशाची आमटी खाल्ली, मासा नसलेली. इतकी वर्षं त्या घरात जाऊन मी त्या आमटीला कधी हात लावला नव्हता. तिखट, आंबट, तिरफळांनी जीभ झिणझिणवणारी. मी तीनदा भात घेतला. काका कोपऱ्यात खाली मान घालून जेवत होते. काकू त्यांच्याजवळ खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "केवढा होता तो?" काकांनी वाटी खाली ठेवून दोन्ही हात पसरले. काकूंनी त्यांचे हात धरून जरा जवळ आणले. "एवढा असेल." काका म्हणाले, "नाही गो, खरंच." काकूंनी हात परत होते तिथे नेऊन ठेवले. तेव्हा कुठे काका हसले.

ते ट्रॉयला गेले. कयाक आमच्या गॅरेजमध्ये आली आणि आमची गाडी रस्त्यावर. पुढच्या वसंतात बातमी आली की मासे फार कमी झालेत म्हणून कॅलिफोर्नियाच्या समुद्रात यंदा सामनची मासेमारीच बंद ठेवणार. मी लगेच काकांना फोन केला. वाटलं, वाईट वाटेल. ते म्हणाले, "बरं झालं. माझा एक आहे त्यात, त्याला कुणी त्रास द्यायला नको." मग काकूंचं सांगितलं. ऑपरेशन झालं होतं. रोज मॉलमध्ये चालायला नेतात, बाहेर अजून बर्फ. "आता बरी चालते. मला दम लागतो, तर तीच थांबते."

तो दम हृदयाचा होता. सप्टेंबरात वर्षाताईंचा फोन आला. सकाळी चहा घेताना गेले, फार त्रास झाला नाही. मी फोन ठेवला आणि गॅरेजमध्ये जाऊन कितीतरी वेळ कयाकशेजारी उभी राहिले. माझे वडील नाशकात आहेत, धडधाकट आहेत, पण परदेशात मला गाडीत बसवून "घाई करू नकोस" म्हणणारा माणूस तो एकच होता.

नोव्हेंबरात सुट्टी काढून आम्ही दोघं ट्रॉयला गेलो. काकू बारीक झाल्या होत्या, पण काठीशिवाय चालत होत्या. वर्षाताई आणि त्यांच्या नवऱ्याने आमच्यासाठी मोठा स्वयंपाक मांडला होता. वर्षाताईंनी ओव्हनमधून ट्रे काढला आणि म्हणाल्या, "आई, आज तरी खा. फ्रेश आहे, मी स्वतः जाऊन आणलाय, वाइल्ड आहे, डॉक्टर म्हणून सांगते, तुला प्रोटीन हवंय." लिंबू, सोया, गुलाबी तुकडे. नातीने एक तुकडा उचलून प्रेमाने आजीच्या ताटात ठेवला. "आजी, try it, it's salmon."

काकूंनी तुकड्याकडे बघितलं. रागाने नाही, कौतुकानेच बघितलं. मग तो उचलून नातीच्या ताटात परत ठेवला आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"तू खा गो बाय," त्या म्हणाल्या. "आमचो अजून समुद्रात आसा."